आरोग्य शिबिरात मनाचीही विचारपूस व्हावी

महोदय,

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत रक्तदाब-मधुमेहाची शिबिरे होतात, ती व्हायलाच हवीत. पण उतारवयातले नैराश्य त्यांतून हमखास निसटते. बरीच म्हातारी माणसे ‘मला उदास वाटतं’ असे म्हणतच नाहीत. ती म्हणतात, पाठ भरून येते, जेवण जात नाही, डोकं जड आहे.

कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे असेच झाले. यजमान गेले, मुलगा परदेशी, लेक चिंचवडला. शब्दकोडे सोडवल्याशिवाय दुसरा चहा न घेणाऱ्या काकूंच्या टीपॉयवर पेपर घडी न मोडता साचू लागले. पहाटे तीनला जाग, भिशी बंद, फोन आला की कामवालीला ‘झोपलेय म्हणून सांग’. हाडांचे डॉक्टर झाले, पोटाचे झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. ‘वय झालं, चालायचंच,’ असे जो तो म्हणे. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच त्या सोडायला निघाल्या होत्या, लेकीने सोडू दिल्या नाहीत. आता काकू भिशीला येतात.

कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ असे घोकणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टरांना दाखवावेच. थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही असे होऊ शकते, तेही तपासून होते. आणि ‘देवाने आता उचलावं’ हे वाक्य कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

खासगी फी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास आणि मराठीतही.

संघांना आणि महापालिकेला विनंती एवढीच, की साखर तपासताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असे झाले का? उदास, हताश वाटले का? प्राथमिक चाचणीत डॉक्टरही हेच विचारतात. उत्तर ‘हो’ आले, तर तिथेच पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबर लिहून घ्यावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे