अप्पा, शेगडी घरीच ठेव

धुळे,
पौषातला रविवार, रात्र

प्रिय अप्पा,

तंबू आला, गाडीच्या टपावर बसवूनही झाला आणि येत्या शनिवारी वहिनी आणि छकुलीला घेऊन तोरणमाळला निघतोयस, हे वाचून फार आनंद झाला. पण त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'थंडी फारच वाटली तर छोटी शेगडी आत घेऊ.' ती ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून बाकी सगळं मागे ठेवून आधी तेच लिहितो. शेगडी आत घ्यायची नाही. कोळशाची नाही, गॅसची नाही, पाच मिनिटांपुरतीसुद्धा नाही.

बंद जागेत जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग, ना तो डोळ्यांना झोंबतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट त्याला धरून बसतं. मग डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. आणि तंबूत तर आपण झोपायलाच गेलेलो असतो. डोळे मिटायला लागले म्हणून शंका कोणाला येणार? माझी आजी हिवाळ्यात घमेल्यात निखारे घेऊन घरात यायची, दार किलकिलं ठेवायची, आणि दिवा मालवण्याआधी तिचं एकच वाक्य असायचं: "पहिले इस्तो बाहेर काढा, मंग जपा." म्हणजे आधी विस्तव बाहेर, मग झोप. तिला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण हा नेम तिने कधी मोडला नाही. तेव्हा शेकोटी करायची ती खाली, तंबूपासून लांब. गाडीचं इंजिनही रात्री चालू ठेवू नकोस, धूर वर तंबूत शिरतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो घेऊन ठेव. पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत, असं मात्र नको.

आता थंडीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा यशवंत तलावाच्या बाजूला, खालच्या सपाट जागेत गाडी लावली. पहाटे पाणी दिसेल एवढाच विचार केला होता. संध्याकाळी वारा पडला, आभाळ स्वच्छ, चांदणं सुरेख. मध्यरात्रीनंतर जे हिव भरलं ते अंगावरून नाही, पाठीखालून आलं. वर दोन दुलया होत्या आणि कमरेखाली बर्फाची लादी ठेवल्यासारखं वाटत होतं. बायको तीन वाजता खाली उतरून गाडीत जाऊन बसली. सकाळी पाहिलं तर गादीची खालची बाजू चक्क ओली.

त्या रात्री आमचं काय चुकलं ते तुला पटकन कळेल, कारण तू रावेरचा आहेस. अण्णा केळीच्या बागेभोवती शेवरीची झाडं लावतात ती कशासाठी? वारा अडवायलाच ना? घडांना पिशव्या घालतात, थंडीच्या रात्री विहिरीचं पाणी सोडतात, पहाटे बांधावर ओला कचरा पेटवून धूर करतात. बागेत ऊब आणून ओतता येत नाही. आहे ती निसटू द्यायची नाही, एवढंच हातात असतं. तंबूचंही तसंच आहे.

जमिनीवरच्या तंबूखाली निदान जमीन असते. आपला तंबू मात्र अधांतरी. शिडीकडचा भाग तर गाडीच्या बाहेरच आलेला, त्याच्या खालून वारा मोकळा वाहतो. म्हणून एक मोठी ताडपत्री घे आणि वाऱ्याच्या बाजूने टपापासून चाकांपर्यंत बांधून टाक. तीच तुझी शेवरी. तंबूचं दार वाऱ्याकडे येऊ देऊ नकोस. आणि जागा निवडताना खोलगट भाग टाळ. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आभाळात निघून जाते, गार हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि सखल जागी साचते. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. त्याच सातपुड्यात पलीकडे डाब गावाकडे दव गोठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दुसऱ्या रात्री आम्ही गाडी थोडी वर, झाडांच्या आडोशाला नेली, तर तोच तंबू, त्याच दुलया, आणि झोप लागली. तेवढ्याच अंतरात इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

गादीचं नीट ऐक. दुलई आणि स्लीपिंग बॅग आपल्या वजनाने पाठीखाली दबून जातात. त्यातली हवा गेली की ऊब गेली. तंबूबरोबर आलेली फोमची गादी एकटी पुरत नाही. सगळ्यात खाली जाळीदार चटई टाक म्हणजे गादीखालून हवा खेळेल आणि ती ओली होणार नाही, मग गादी, तिच्यावर योगासाठी वापरतात तसल्या जाड फोमच्या चटया, आणि त्यावर घोंगडी. घोंगडी म्हणजे लोकरीचीच. आईची गोधडी मला जिवापाड आवडते, पण सुती कापड ओल धरतं आणि मग गारठतं. लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. गोधडी अंगावर घ्या, खाली नको.

ओल येते कुठून? आपल्याच श्वासातून. तीन माणसं रात्रभर श्वास सोडणार, ती वाफ गार कापडाला लागून पाणी होणार. सगळं घट्ट बंद केलं तर पहाटे छतावरून थेंब तोंडावर पडतात. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या ठेव. वहिनी म्हणतील, थंडी आत येईल. येते थोडी, पण कोरड्या अंगाला ती सोसते. तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपू नका, कानटोपी घाला.

स्लीपिंग बॅग घेताना आकडा नीट वाच. तिच्यावर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात, कधी 'एक्स्ट्रीम' हा तिसराही. शेवटचा म्हणजे फक्त जीव वाचेल इतपत. दुकानदार तोच मोठ्याने सांगतो. तू 'कम्फर्ट' बघ, आणि तो शून्याजवळचा असू दे. छकुलीला मोठ्यांच्या बॅगेत झोपवू नकोस, त्या रिकाम्या जागेला गरम करायला तिच्या अंगात तेवढी ऊब नाही. मोठीच बॅग असेल तर पायाकडचा भाग दुमडून बांध. आणि तिला मधे घ्या.

झोपण्यापूर्वी स्टीलच्या साध्या बाटलीत गरम पाणी भर, झाकण दोनदा तपास, लोकरी मोज्यात घाल आणि पायाशी ठेव. थर्मास नको, त्याची ऊब बाहेर येतच नाही. छकुलीची बाटली कोमटच असू दे. दिवसभराचे घामट कपडे उतरवून रात्रीचा कोरडा जोड वेगळा ठेवा. जेवणात दाल-बट्टी करा, तूप हात राखून वाढू नका, नंतर डिंकाचा लाडू. पोटात काही असलं तर अंग रात्रभर तापत राहतं. 'थंडीला बरी' म्हणून दारू कोणी पुढे केली तर नको म्हण. ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, गरम वाटतं आणि ऊब बाहेर जाते.

रात्री शिडी दवाने निसरडी होते, छकुलीला एकटीला उतरू देऊ नकोस. सकाळी घाईत ओला तंबू मिटावा लागला तर घरी पोचल्याबरोबर उघडून वाळव, नाहीतर बुरशी धरते.

माझ्याकडची मोठी ताडपत्री आणि दोन घोंगड्या काढून ठेवल्या आहेत. शनिवारी सकाळी धुळ्यात आधी घरी ये, चहा घे, सामान गाडीत टाक, मग शहाद्याच्या रस्त्याला लाग. आणि ती शेगडी गाडीत दिसली तर मी काढून घेणार आहे, परत येताना घेऊन जा. अण्णांना नमस्कार सांग.

तुझाच,
बापू