भरलेल्या खाणीवर घर बांधण्याआधी

मा. संपादक,
स.न.

विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड अशा सगळ्या अंगांनी सोलापूर वाढत आहे आणि एके काळी गावाबाहेर असलेल्या दगडखाणी वस्तीत येऊ लागल्या आहेत. खाण राडारोडा, काळी माती आणि क्रशरच्या टाकाऊ मालाने भरायची, वरून दोन फूट मुरूम पसरून रोलर फिरवायचा, की प्लॉट तयार. गिऱ्हाईकाच्या पायाला टणक मुरूम लागतो. खालचे दहा-बारा मीटर कोणी पाहत नाही.

तपासणी होते तीही बहुधा चुकीची. प्लेट लोड टेस्टचेच घ्या, म्हणजे जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर भार देऊन जमीन किती दबते ते पाहणे. ६० सेंटिमीटर प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंतच जाणवतो, म्हणजे फार तर सव्वा मीटर. पास होतो तो वरचा मुरूम. खालचा भराव परीक्षेला बसलेलाच नसतो. दुसरी पद्धत बोअरच्या गाडीची. हवेने उडालेला चुरा बघून ‘वीस फुटांवर दगड लागला’ असे सांगतात, पण भरावातला मोठा धोंडा आणि मूळ कातळ यांचा चुरा सारखाच दिसतो. एसपीटीचा (ठरावीक उंचीवरून हातोडा टाकून नळी जमिनीत ठोकायची आणि ठोके मोजायचे, ही चाचणी) ६३.५ किलोचा हातोडासुद्धा धोंड्यावर बसला की ठोक्यांचा आकडा पन्नासच्या पुढे जातो आणि भुसभुशीत भराव कागदावर ‘अतिघट्ट’ ठरतो. म्हणून डायमंड बिटने कोअर (दगडाचा गोल, अखंड नमुना) काढत कातळात किमान तीन मीटर जावे आणि पेटीतला कोअर मालकाने स्वतः पाहावा. दगडाखाली पुन्हा माती लागली तर तो धोंडा असण्याची शक्यता मोठी. मात्र आपल्या बेसॉल्ट कातळामध्ये दोन थरांच्या मध्ये मूळचीच लाल माती सापडते, त्यामुळे हा निवाडा भूवैज्ञानिकाकडून करून घ्यावा.

असा भराव घराच्या वजनापेक्षा स्वतःच्या वजनानेच जास्त खचतो, आणि वर्षानुवर्षे. न दाबलेल्या भरावासाठी साधारण हिशेब असा, की भरल्यापासूनचा काळ दसपट झाला की जाडीच्या अर्धा ते एक टक्का खचण होते. बारा मीटर भराव आणि एक टक्का धरला तर पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत १२ सेंटिमीटर, आणि दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत पुन्हा १२. सगळे घर सारखे खाली गेले तर सांगाड्याला फारसे काही होत नाही. घात होतो तो फरकाने. पायांसाठीच्या आयएस १९०४ या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसी सांगाड्यात शेजारच्या दोन कॉलमच्या खचण्यातला फरक त्यांच्या अंतराच्या ०.००१५ पट चालतो. चार मीटरला हे फक्त सहा मिलिमीटर! खाणीची कड उभी असते. एक कॉलम कातळावर आणि शेजारचा भरावावर आला, की हे सहा मिलिमीटर प्लॅस्टर वाळेपर्यंतसुद्धा पुरतील याची खात्री नाही.

तेव्हा आधी कड शोधावी. सातबारा आणि फेरफार, गौण खनिजाच्या परवान्याची नोंद आणि गूगल अर्थवरची जुनी छायाचित्रे यांतून तिचा अंदाज येतो. पावसाळ्यानंतरच्या छायाचित्रात खाणीतले पाणी चटकन दिसते. मग जेसीबीने आडवे चर मारून कड उघडी करावी, तिची मोजणी करून नकाशावर घ्यावी आणि इमारत पूर्ण अलीकडे किंवा पूर्ण पलीकडे ठेवावी.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाण्याची. कोरडा, सैल भराव पहिल्यांदा पूर्ण भिजतो तेव्हा वजन न वाढताही एकदम बसतो. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडमधील हॉर्सली येथे भरलेल्या कोळसा खाणीतला पाण्याचा उपसा थांबला, पाणी भरावात वर चढले आणि भराव बसला. १९७०च्या दशकातल्या या मोजणीचा दाखला आजही दिला जातो. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे भराव अनेक वर्षे बऱ्यापैकी कोरडा राहू शकतो. तो भिजतो माणसे राहायला आल्यावर. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी जमिनीत हौद. शिवाय सेप्टिक टाकी, तिचा शोषखड्डा, बागेचे पाणी. सहा मीटर भराव भिजून दोन टक्के बसला तरी १२ सेंटिमीटर होतात, आणि तेही हौदाच्या बाजूलाच. यात भर म्हणजे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल पुनर्भरण सक्तीचे आहे. योजना चांगलीच, पण भरावातला पुनर्भरण खड्डा म्हणजे पाया भिजवण्याची सोय.

खचण मोजायला फार खर्च येत नाही. दहा-दहा मीटरवर काँक्रीटचे खुंट, काळ्या मातीच्या भेगांच्या खाली पाया नेऊन रोवावेत. बेंचमार्क, म्हणजे ज्याच्याशी उंची ताडून पाहायची तो पक्का बिंदू, भरावाबाहेरच्या कातळावर घ्यावा. कुंपणाच्या खांबावर घेतला तर तोही सोबत खाली जातो आणि सगळे ‘स्थिर’ दिसते. निदान एक पूर्ण पावसाळा धरून वर्षभर दरमहा लेव्हल (खुंटांची उंची) घ्यावी, आणि कोअरच्या एका भोकात जाळीदार पीव्हीसी पाइप ठेवून पाण्याची पातळीही लिहावी.

भराव तीन मीटरपर्यंत असेल तर तो उपसून, काळी माती बाजूला काढून, २०-३० सेंटिमीटरच्या थरांत योग्य ओलाव्यावर पुन्हा दाबणे बहुधा परवडते. त्याहून खोल असेल तर पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) कातळात रुतवावे लागतात, आणि खचणारा भराव पाइलला खाली ओढतो तो भार डिझाइनमध्ये धरावा लागतो. तो विसरलेली डिझाइने सर्रास दिसतात.

महापालिकेने अशा प्लॉटच्या बांधकाम परवानगीला कडेचा नकाशा, कोअरचा अहवाल आणि वर्षभराच्या लेव्हल मागाव्यात. पुनर्भरणासाठी शोषखड्ड्याचा आग्रह सोडून जमिनीवरची टाकी, किंवा भरावाच्या पूर्ण जाडीत बंद केसिंग (बिनछिद्राचा पाइप) टाकून खालच्या कातळात सोडलेले बोअर मान्य करावे.

– एक स्थापत्य अभियंता, सोलापूर