शुक्रवारी मी येतेय, तोवर हे वाचा

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाबा आणि आई,

सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. मोतीबिंदू काढेपर्यंत त्यांनी डोळे ताणायचे नाहीत.

आधी कबूल करून टाकते. गेल्या शनिवारी मी कोल्हापुरात होते. सकाळच्या एसटीनं आले, संध्याकाळच्या गाडीनं परतले, आणि मंगळवार पेठेत पाऊलसुद्धा टाकलं नाही. घरी आले असते तर बाबांनी तोंड बघूनच ओळखलं असतं आणि चहा संपायच्या आत माझा बेत मोडला असता. दिवसभर चोरासारखं वाटत होतं. परत जाताना किणीच्या टोलनाक्याला गाडी रेंगाळली आणि अण्णांची ती रात्र आठवली. मग खिडकीकडे तोंड करून बसले.

तर, बाबांची ॲन्जिओप्लास्टी पुण्यात करायची नाही, कोल्हापुरातच करायची. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय, पैसेही भरलेत. दादाला सांगितलंय. रागवायचं तर दोघं मिळून एकदाच रागवा.

"कोल्हापुरात हार्टचं काही नाही" हे आपल्या घरात किती वर्षं चाललंय! अण्णांच्या वेळी ते खरंच होतं. आता त्याच दवाखान्यात नवी कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या नळ्या तपासून मोकळ्या करायची खोली, झालीय, शेजारी हृदयाचा वेगळा आयसीयू आहे. बाबा, मशीन तुम्हाला आवडेल. टेबलाभोवती इंग्रजी सीसारखा हात फिरतो आणि रक्तवाहिन्या पडद्यावर हलताना दिसतात. ज्या नळीत तुमचा अडथळा आहे ती जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरची. तिच्यात बसवायची जाळी, म्हणजे स्टेंट, कोबाल्ट-क्रोमियमची, आणि जाळीची तार ८० मायक्रॉनच्या आसपास. तुमचा मायक्रोमीटर काढावा लागेल! उद्यमनगरात जन्मभर लेथवर सूत-सूत धरलेल्या माणसाला हे काम मी काय समजावणार. छाती उघडत नाहीत, मनगटातून जातात. आणि नवीन-नवीन म्हणून घाबरू नका. झुरिकमध्ये डॉ. ग्रुन्टझिग यांनी फुगा घालून हृदयाची पहिली नळी उघडली ती १९७७ साली, म्हणजे तुमच्या लग्नाच्या वर्षी. स्टेंटची किंमतही २०१७ पासून सरकारनं बांधून दिलीय, तेव्हा पुण्यात भारीतला घालतात हा तुमचा समज सोडा.

मी तिथं खूप प्रश्न विचारले. सिस्टर शेवटी हसायला लागल्या. रात्री दोनला माणूस आला तर लॅब कोण उघडतं? आता रात्रपाळीला टीम असते. ॲटॅक आलेला माणूस दारात आल्यापासून ९० मिनिटांत नळी मोकळी झाली पाहिजे, हा सगळीकडचाच दंडक. मधेच काही बिघडलं तर सर्जन कुठं? वरच्या मजल्यावर, तिथं बायपासचं थिएटर आहे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही बघितलं, दोनदा वर-खाली करून.

आता तुम्हाला वाटेल, पोरीला आम्ही घरात नको आहोत. तसं नाही हो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे... हे सगळं खरं आहे, पण मुख्य कारण वेगळं. ऑपरेशन एका दिवसाचं, नंतरची वर्षं मंगळवार पेठेतच काढायचीत. मध्यरात्री छातीत आलं तर तुमची फाईल ओळखणारा डॉक्टर दहा मिनिटांवर हवा, २३० किलोमीटरवर नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवेवर पाणी होतं, २०२१ ला पुन्हा. तेव्हा पुण्याला कसे आलो असतो?

आईची सोय बघितलीय. रूममध्ये तिला वेगळी कॉट आहे, कमोड आहे, गरम पाणी सकाळी सहापासून. डबा मावशी देणार, बिनमिठाचा. बाबांचा रेडिओ न्यायला परवानगी आहे, आवाज बारीक ठेवायचा. मी आठ दिवस राहणार आहे. आठच, हे मला टोचतंय.

बाबा, लहानपणी पूर बघायला पंचगंगेवर न्यायचात तेव्हा मी तुमचं मनगट दोन्ही हातांनी धरायचे. घासलेट आणि साबणाचा वास यायचा त्याला. परवा सिस्टर म्हणाल्या, "सुई उजव्या मनगटातून," आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आता ऐका. शनिवारपर्यंत गंगावेशीत धारोष्ण दुधाला जायचं नाही. पांढरा रस्सा "वाटीभरच" हेही नाही. छातीत दाटलं तर आधी खाली बसायचं, मग ती गोळी जिभेखाली. उभ्यानं घेतली तर चक्कर येते. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. स्वतः स्कूटर काढायची नाही, बाबा, तुम्हालाच सांगतेय! साखरेची गोळी कुठल्या दिवशी बंद ठेवायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं नाही. आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडायच्या नाहीत, दाताच्या डॉक्टरच्याही नाही. आई, जुने रिपोर्ट पिवळ्या पिशवीत घाल. ट्रंकेत नको, मागच्या वेळेसारखं.

शुक्रवारी दुपारी पोचते. "मी आलो" असंच म्हणणार आहे दारात. इथं सगळे हसतात त्याला.

तुमची,
बेबी

ता. क. आई, किणीचं वाचायचं राहू दे. तेवढ्या दोन ओळी गाळ.