ट्यूब मीच फेकली

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, कपाटातली ती पिवळी ट्यूब शोधू नका. शेपटीपासून गुंडाळत, चिमटा लावून शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली. निघताना मीच फेकली. न विचारता फेकली म्हणून रागवा, पण आधी मलाही थोडं रडून घेऊ द्या. ती पहिल्यांदा आणून दिली होती मीच. खाज एका रात्रीत थांबली तेव्हा केवढी मिरवले होते! त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं लाली आणि खाज दबली, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबली आणि नायटा आतल्या आत कमरेपासून मांडीपर्यंत पसरत गेला.

म्हणून आता बुरशी मारणारी गोळी, पोटातून. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. 'गोळ्यांनी लिव्हर जातं' हे आईचं वाक्य मला इथूनही ऐकू येतंय. आई, त्यासाठीच तर आधी रक्त तपासलं, लिव्हर आणि किडनी दोन्ही व्यवस्थित आहेत. दुसरी एक गोळी आहे, इट्राकोनाझोल. पण बाबांच्या हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे डॉक्टरांनी ती मुद्दाम टाळली. बाबांच्या हृदयाच्या गोळीचा, मेटोप्रोलॉलचा, असर टर्बिनाफिननं वाढू शकतो, म्हणून नाडी रोज मोजून वहीत लिहा. फार मंदावली किंवा चक्कर आली तर लगेच फोन करा. मेटोप्रोलॉल मनानं बंद करायची नाही.

त्वचा तीन-चार आठवड्यांत साफ दिसेल आणि तुम्ही म्हणाल, झालं की! नाही झालं. पायाच्या अंगठ्याचं ते पिवळं, जाड नख बुरशीचं कोठार आहे, मलम तिथे नीट पोचतच नाही. म्हणून पूर्ण बारा आठवडे. औषध नखात साठून गोळ्या संपल्यावरही काम करत राहतं, पण नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर नख बघून 'गुण नाही' म्हणायचं नाही.

ट्यूब बंद झाल्यावर सुरुवातीला खाज उलट वाढेल. मला घामोळं आलं की तुम्ही अर्धी रात्र पाठीवर फुंकर घालत बसायचात, झोप लागली असं वाटलं की थांबायचात आणि मी मुद्दाम कुशीवर वळायचे. आता फुंकर घालायला मी तिथे नाही, हेच टोचतं. गार पाण्याची पट्टी ठेवा. आणि कंगव्याच्या दांड्यानं खाजवणं बंद! मला सगळं माहीत आहे.

तोंडाची चव गेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर टर्बिनाफिन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माझ्या फोनची वाट पाहायची नाही.

आई, तुझा चट्टा एवढासा आहे, तुला नुसतं मलम पुरेल, पण दोघांचे टॉवेल वेगळे हवेत. कपडे गरम पाण्यात धू आणि खडखडीत वाळव. आणि बाबांच्या उशीखाली एकदा हात घाल. दुसरी ट्यूब तिथे नक्की असणार.

तुमची,
ठमी