मावशी, त्या बंद मुठीबद्दल

प्रिय मावशी,

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पंधरा दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत तुम्ही.

यांचा टेम्पो उलटला, पाय निकामी झाला, तेव्हा आमच्या दारात पहिल्यांदा आले ते एक प्रार्थनासभावाले बंधू. यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि चपला घालता घालता म्हणाले, "दशांश नियमित देता ना? विश्वास कमी पडला की आशीर्वाद अडतो." डब्यात डाळ नाही आणि हा माणूस दहाव्या हिश्शाचा हिशेब विचारतोय! म्हणजे गरिबी आली तीही आमचीच चूक. त्यांच्यानंतरचे धान्य घेऊन आले. माझे डोळे मिटले म्हणून फोटो तीनदा काढला. तो फोटो लेकीच्या वर्गातल्या मुलींपर्यंत पोचला. दोन दिवस ती शाळेत गेली नाही.

मग एका रविवारी चर्चमधली उपासना, मिस्सा, सुटल्यावर तुम्ही आणि काका आलात. फी, औषधं, तांदूळ हे सगळं तुम्ही कसं जमवलंत ते इथे मांडत बसत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. मला सांगायचंय ते त्या पिशवीबद्दल.

गरिबांना मदत करणाऱ्या तुमच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीला मी आले ती नुसते आभार मानायला. प्रार्थना झाली आणि दान गोळा करायची नाडीची कापडी पिशवी फिरायला लागली. माझ्याकडे रिक्षापुरते वीस रुपये. पिशवी एकेक खुर्ची ओलांडत जवळ येत होती आणि माझ्या कानशिलात ठोके पडत होते. तुमची पाळी आली. तुम्ही मिटलेली मूठ आत घातलीत, मिटलेलीच बाहेर काढलीत आणि पिशवी माझ्याकडे सरकवत पुटपुटलात, "मूठ घाल गं. उघडायला कोण सांगतंय?"

मी रिकामी मूठ घातली. कुणाला काही कळलं नाही. तुम्ही किती टाकलंत ते मलाही आजवर कळलेलं नाही.

घरी येऊन खूप रडले, मावशी. धान्य मिळालं तेव्हाही एवढं रडू आलं नव्हतं.

नंतर काकांनी फ्रेडरिक ओझानामची गोष्ट सांगितली. १८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या या पोरानं मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं. "तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो काय?" असं कुणीतरी हिणवलं होतं म्हणे. तर हे वाद घालत बसले नाहीत, गरिबांच्या घरी जायला लागले. गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं, आणि जाऊन बसायचं. तुम्ही आमच्या फाटक्या चटईवर बसला होतात ते मग उमगलं.

दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं बायबलमधलं शुभवर्तमान देवळात किती वेळा ऐकलंय. दरवेळी फादर तिच्या दानाबद्दल बोलतात. मला मात्र वाटत राहायचं, सगळ्यांदेखत दोन टोल्या टाकताना त्या बाईला लाज नसेल का वाटली? तिथे ओळखणारा प्रभू समोर बसला होता, ते ठीक. बाकीच्यांच्या नजरांचं काय? तुमच्या पिशवीला निदान नाडी आहे.

आता मी शिवणकाम धरलंय. बैठकीला येते, मूठ घालते. आत काय असतं ते विचारू नका.

तुमचा पिठाचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा पाठवू? आगाशीची वाळवलेली सुकेळी मिळाली की भरून आणते, रविवारी, सकाळच्या मिस्साला.

तुमची,
वळणावरच्या चाळीतली