नवं ठाणे स्थानक : जिना कुठे उतरणार?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

ठाणे आणि मुलुंड यांच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकाची बातमी आली की आमच्या वागळे इस्टेटच्या श्रीनगरमध्ये पहिला प्रश्न एकच विचारला जातो : जिना कुठे उतरणार? स्थानकाबाहेरचा वाहनांसाठीचा उंच डेक केवढा असेल, खर्च किती वाढला, काम कोण करणार, हे सगळं छापून येतं. पण गाडीतून उतरलेल्या माणसाला किसननगरला किंवा वागळे इस्टेटला चालत कसं जाता येईल, हे कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

जागेबद्दल माझी तक्रार नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारातली जागा या कामासाठी योग्यच आहे, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा आमच्या सोसायटीत अक्षरशः पेढे वाटले गेले. एमआयडीसीची सुरुवात ज्या वसाहतीपासून झाली ती ही वागळे इस्टेट. साठच्या दशकात इथे कारखाने आले, पाठोपाठ कामगार आले, त्यांच्या चाळी आल्या, पुढे चार-पाच मजल्यांच्या दाटीवाटीच्या इमारती आल्या. रेल्वे स्थानक मात्र आलं नाही. गाड्या आमच्या बाजूनेच जातात, पण गाडी पकडायची तर ठाण्याला नाही तर मुलुंडला जा. मुलुंडला जायचं तर चेकनाक्यावर शहर बदलतं आणि बहुतेक वेळा रिक्षाही बदलावी लागते. त्यामुळे आमच्याकडची बहुतेक माणसं ठाण्यालाच जातात.

मी मशीद बंदरला एका मसाल्याच्या पेढीत हिशेब लिहिते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ठाण्याला उतरते. पुलावरून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बस-पुलावर यायचं आणि बसच्या रांगेत उभं राहायचं. पावसाळ्यात छपराखाली जागा कमी पडली की रांग पार जिन्यापर्यंत येते. मग खालून स्टेशनकडे चढणारे आणि वरून बसकडे निघालेले, दोघेही त्याच पायऱ्यांवर अडकतात. मागच्या महिन्यात माझ्या पुढे एक बाई होती. एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिला कठडा धरता येत नव्हता आणि मागे सरकायला जागा नव्हती. दोन कॉलेजच्या मुलांनी दोन्ही बाजूंनी हात आडवे धरून तिला वर आणलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला आली, तिथे आता मुख्य मार्ग, नवी मुंबईकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग, बस, रिक्षा आणि बाजार हे सगळं एकाच चौकात येऊन मिळतं. हा भार वाटून घ्यायचा असेल तर नवं स्थानक हवंच.

पण स्थानकाची जागा ठरवणं म्हणजे नकाशावर रुळांच्या बाजूला खूण करणं नव्हे. माणूस कुठून चालत येतो आणि उतरल्यावर कुठे जातो, तीच स्थानकाची खरी जागा. परळ-लोअर परळच्या गिरण्या गेल्या, तिथे कचेऱ्यांचे मनोरे आले, हजारोंची नवी गर्दी आली, पण एल्फिन्स्टन रोडचा पूल तोच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस पडत होता म्हणून लोक पुलावर थांबले, मागून गाड्यांतून उतरलेल्यांची गर्दी चढत राहिली आणि २३ माणसं गेली. एकही गाडी घसरली नव्हती. माणसं गेली ती जिन्यावर. आमच्याकडे स्थानक अजून पुरतं उभं राहायचं आहे, म्हणजे हा विचार वेळेत करता येतो.

नव्या स्थानकासाठी तीन उन्नत रस्ते आखलेले आहेत : एक मुलुंड टोलनाक्याकडून, एक ज्ञानसाधना महाविद्यालयाकडून आणि एक मनोरुग्णालयाकडून. वाहनं वर डेकवर येतील, खाली कोंडी होणार नाही, असा त्यामागचा विचार. बस आणि रिक्षा वरपर्यंत आल्या तर चांगलंच. पण किसननगरमधून स्टेशनला येणाऱ्यांत गाडीवाले किती आणि चालत येणारे किती, हे तिथे सकाळी आठ वाजता नाक्यावर उभं राहिलं तरी कळेल. उन्नत रस्त्याला पदपथ नसेल तर हा सगळा खर्च आमच्या डोक्यावरून जाईल, आणि आम्ही पूर्वीसारखेच बसची वाट बघत राहू.

हे जमत नाही असं नाही. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमलेलं दाखवलं आहे. मानखुर्दहून वाशी-बेलापूरकडे रेल्वे नेताना सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, पण त्याबरोबर स्थानकाच्या दोन्ही बाजूंची जागाही आधीच राखली. नेरूळला उतरलं की फलाटाखालच्या भुयारी मार्गातून पूर्वेलाही जाता येतं आणि पश्चिमेलाही. वर चढून पूल ओलांडून पुन्हा खाली उतरण्याचा फेरा नाही. माझी बहीण तिथे राहते, तिचे गुडघे दुखतात, तरी ती लोकलने एकटी फिरते. ठाण्यात तशी मोकळी जमीन उरलेली नाही, हे मला कळतं. पण मनोरुग्णालयाच्या बाजूला थोडी तरी आहे, आणि किसननगरमध्ये क्लस्टर योजनेत, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासात, रस्ते नव्याने आखले जात आहेत. एरवी पन्नास वर्षांत अशी संधी येत नाही. जुन्या इमारती पाडून नवे मनोरे उभे राहतील तेव्हा त्यांच्या मधून स्थानकापर्यंत एक सरळ, रुंद, गाड्या न येणारा रस्ता आजच आराखड्यात धरला तर तो मिळेल. एकदा कुंपणं पडली की कोणी एक फूटही सोडणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथे भेटायला येणारे नातेवाईक शहापूर, वाडा, कर्जत अशा लांबच्या गावांतूनही येतात. डब्याची पिशवी घेऊन, पत्ता लिहिलेला कागद हातात धरून, बस विचारत फिरताना मी त्यांना पाहिलेलं आहे. रुग्णालयाची जमीन घेऊन स्थानक होणार असेल तर त्या स्थानकातून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत सावलीचा, व्हीलचेअर जाईल असा रस्ता हा त्यांचा पहिला हक्क आहे. आणि आतल्या रुग्णांना डेकवरच्या हॉर्नचा त्रास होऊ नये म्हणून त्या बाजूला ध्वनिरोधक भिंतही पहिल्या दिवसापासून हवी. दिलेली जमीन त्यांची आहे.

पूर्वेकडचे, म्हणजे कोपरीचे लोक हेच त्यांच्या बाजूने सांगतील. कोपरी आणि वागळे यांच्या मधून रूळ जातात. स्थानकाचा पूल तिकीट न काढता ओलांडता आला पाहिजे.

राहिली मेट्रो. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, आणि त्यांत नवीन ठाणे हे भूमिगत स्थानक. हे स्थानक आणि रेल्वेचं स्थानक एकाच आराखड्यात बसलं पाहिजे. रेल्वे एक खड्डा खणेल, मेट्रो दुसरा खणेल आणि मधलं अंतर प्रवाशाने उन्हापावसात रस्ता ओलांडून कापायचं, असं होता कामा नये. दोन्हींच्या मधला भुयारी मार्ग आत्ताच ठरवला तर तो स्वस्तात होईल. रुळांलगतचं काम रेल्वेचं आणि बाहेरचं महापालिकेच्या स्मार्ट सिटी योजनेचं, अशी विभागणी झाली आहे. त्या विभागणीच्या रेषेवर नेमका जिना येतो, आणि दोघांच्या मधलं काम कोणाचंच नसतं, हीच मला सगळ्यात मोठी भीती वाटते. ट्रान्स-हार्बर मार्गावरचं दिघा गाव स्थानक बांधून तयार होतं, तरी कित्येक महिने गाड्या न थांबता पुढे जात होत्या. अखेर जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं. आमच्या स्थानकाचं तसं होऊ नये.

म्हणून महापालिका आणि रेल्वे या दोघांना जाहीर विनंती आहे. फलाट, डेक आणि रस्त्यांचा जो आराखडा आहे त्यावर प्रत्येक जिना, प्रत्येक पदपथ आणि त्याची रुंदी दाखवणारा एक मोठा नकाशा काढा. तो किसननगर, श्रीनगर, रामनगर आणि कोपरी इथल्या प्रभाग कार्यालयांत महिनाभर लावा. बाजूला एक वही ठेवा. आम्ही कामावरून सुटल्यावर येतो, तेव्हा संध्याकाळी आठपर्यंत कार्यालय उघडं असू द्या. रोज चालणाऱ्या माणसांकडून इतकी माहिती मिळेल की सल्लागाराचा अर्धा खर्च वाचेल.

आपली,
श्रीनगर, वागळे इस्टेट, ठाणे (प.) येथील एक नोकरदार वाचक