‘मिनेरारू’ला सरसकट ‘खनिज’ म्हणू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परक्या शब्दांमुळे भाषा दुबळी होते, असा सूर वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून उमटतो. जपानीतून मराठीत अनुवाद करताना रोज भेटणाऱ्या ‘मिनेरारू’ या शब्दामुळे मला तो मान्य करता येत नाही. हा इंग्रजीतला ‘मिनरल’च, जपानीत ‘ल’चा वेगळा उच्चार नाही आणि बहुतेक शब्द स्वरान्त असतात, म्हणून त्याचे हे रूप झाले.

खडकातल्या खनिजाला जपानीत ‘कोबुत्सु’ हा शब्द आहे. पण आहारातल्या कॅल्शियमविषयी बोलताना तो कोणी वापरत नाही. शाळेत पाच पोषकद्रव्ये शिकवताना ‘मुकिशित्सु’, म्हणजे असेंद्रिय द्रव्य, अशी संज्ञा देऊन शेजारी कंसात ‘मिनेरारू’ लिहितात, आणि घरात, दुकानात व जाहिरातीत कंसातला हा शब्दच रूढ झाला आहे. उन्हाळ्यात ‘मुगिचा’ हा जवाचा थंड चहा पुढे करताना, घामावाटे गेलेले ‘मिनेरारू’ भरून काढा, असे सहज म्हटले जाते. जपानी शासनाच्या आहारविषयक मानकांत अशी 13 मूलद्रव्ये आहेत. त्यांत लोहाला ‘तेत्सु’ आणि जस्ताला ‘आएन’ ही जुनी नावे कायम आहेत, तर सोडियम-पोटॅशियमला ‘नातोरिउमु’ व ‘कारिउमु’ ही जर्मन वळणाची. एकाच यादीत हे सारे शब्द नांदतात आणि अर्थाचा घोटाळा कुठेच होत नाही.

या शब्दाला आरोग्याचे वलय लाभले आहे, ही त्याची खरी अडचण. नेमके कोणते द्रव्य आणि किती, हे न सांगता तो काहीही विकू शकतो. म्हणूनच खाण्याच्या मिठाच्या पाकिटावर ‘मिनेरारू भरपूर’ असे छापण्यास तेथील उद्योगाच्या नियमावलीने मनाई केली, हे मला फार योग्य वाटते.

आपल्याकडच्या अनुवादांत मात्र ‘मिनेरारू’ दिसताच ‘खनिज’ लिहिले जाते. मीही पूर्वी ‘खनिजयुक्त चहा’ असे लिहिले होते आणि ते वाक्य आजही खुपते, कारण ‘खनिज’ म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खाण येते. घरगुती संवादात ‘क्षार’ आणि शास्त्रीय मजकुरात ‘खनिजद्रव्ये’ असा भेद पाळला, तर जपानीने ‘मिनेरारू’ आणि ‘मुकिशित्सु’ या दोन शब्दांत केलेली वाटणी मराठीतही उतरेल. आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत हा भेद पाळला जावा, अशी नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक अनुवादक